डॉ. कोटणीस : न परतलेला की थांबलेला? – एका मुदतवाढीच्या वाचनाची समीक्षा

प्रास्ताविक

सोलापूरच्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. शहरातील कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याला कोटणीसांविषयी विचारले असता साधारणतः एकच उत्तर मिळते : ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. या उत्तरात चुकीचे असे काही नाही. परंतु जाणे आणि मृत्यू या दोन टोकांच्या मध्ये सव्वाचार वर्षांचा काळ आहे आणि त्या काळातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय या उत्तरात कोठेच येत नाही. ठरलेले काम संपत आले असताना, सहकारी एकेक करून मायदेशी परतत असताना, यजमानांनी ‘आणखी थांबा, आमच्या विद्यार्थ्यांना शिकवा’ असे म्हटल्यावर कोटणीसांनी होकार दिला. आजच्या भाषेत बोलायचे तर परदेशातील अध्यापनाची मुदतवाढ त्यांनी स्वीकारली. ही मुदतवाढ आपल्या साहित्यात आणि चित्रपटात कशी वाचली गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ चे इंग्रजी पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट या दोन कृती प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत.

मुदत आणि विनंती

जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले : पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालू होती. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक बोटीने निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. वडिलांच्या निधनाची बातमी कोटणीसांना चीनमध्येच मिळाली.

मोहीम मर्यादित काळाची होती. पथकातील सर्वांत ज्येष्ठ डॉ. चोळकर आणि प्रकृती साथ न देणारे डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच परतले, पुढे डॉ. अटलही परतले. कोटणीस आणि बसू १९४० मध्ये उत्तर चीनमधील चिन-चा-ची या आघाडीवरील प्रदेशात गेले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने निधन झाल्यामुळे तेथील वैद्यकीय शाळेला अनुभवी शल्यविशारद शिक्षक उरला नव्हता. बसूंना येनानला परत बोलावण्यात आले, कोटणीस थांबले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले, तरी शाळेतील अध्यापन सुटले नाही.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कोटणीसांच्या हातात सेवाशर्तींचा कागद नव्हता, वेतनश्रेणी नव्हती. त्यांना पाठविणारी संस्था एक (काँग्रेस) आणि थांबण्याची विनंती करणारे यजमान दुसरे. म्हणून ‘करार’ हा शब्द येथे सैल अर्थानेच वापरावा लागतो. मात्र मुदतवाढीचे सर्व घटक येथे हजर आहेत : संपत आलेली मुदत, काम घेणाऱ्याची गरज, घरच्यांची वाट पाहणारी नजर आणि परतीचा खुला असलेला मार्ग. यांतील शेवटचा घटक महत्त्वाचा आहे. डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले, याचा अर्थ परतणे अवघड असले तरी अशक्य नव्हते.

शीर्षकाचे राजकारण

अब्बासांच्या पुस्तकाचे नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, म्हणजे ‘आणि एक जण परतला नाही’ असे आहे. परतलेल्या बसूंनी दिलेल्या माहितीचा या लेखनाला मोठा आधार होता. शीर्षक निःसंशय प्रभावी आहे. पाच गेले, चार आले, ही अंकगणिती वजाबाकी वाचकाच्या मनाला थेट भिडते. परंतु या शीर्षकामुळे संपूर्ण जीवन शेवटाकडून वाचले जाते. १९४० मध्ये थांबलेल्या माणसाला १९४२ चे मरण ठाऊक नव्हते. त्याने मरणाला होकार दिला नव्हता. वर्गाला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाला होकार दिला होता. ‘परतला नाही’ हे क्रियापद घटनेचे वर्णन करते, ‘थांबला’ हे क्रियापद निर्णयाचे. मराठीतील स्मृतिलेखांनी पहिलेच क्रियापद उचलले आणि निर्णय झाकला गेला.

याला सोलापूरची स्वतःची अशी एक पार्श्वभूमीही आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या चार हुतात्म्यांच्या आठवणीवर वाढलेल्या शहराने कोटणीसांनाही त्याच चौकटीत बसविले, हे स्वाभाविक होते. पण हुतात्म्यासमोर निवड शेवटच्या क्षणी एकदाच उभी राहते. मुदतवाढ घेणाऱ्याला ती रोज सकाळी नव्याने करावी लागते. दोन्हींचे मोल कमी-अधिक ठरविण्याचा येथे हेतू नाही. दोन वेगळ्या कृतींना एकच शब्द लावल्याने दुसरी कृती अदृश्य होते, एवढेच म्हणावयाचे आहे.

चित्रपटातील प्लेग आणि प्रत्यक्षातील वर्ग

शांतारामबापूंच्या चित्रपटात ही अदृश्यता पूर्णत्वास जाते. राजकमल कलामंदिरच्या या चित्रपटात कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः, तर चिंग लानची भूमिका जयश्री यांनी केली. पटकथेत अब्बासांबरोबर व. प. साठे होते, संगीत वसंत देसाई यांचे. चित्रपटातील नायकाची मुख्य कामगिरी म्हणजे प्लेगच्या साथीवर शोधलेला उपचार. त्याच रोगाची बाधा त्याला होते, जपान्यांच्या कैदेतून तो निसटतो आणि अखेरीस मृत्यू पावतो. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीसांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला. झटके आधीपासून येत होते. उपचारासाठी दूर जाण्याचा सल्ला मिळूनही ते गेले नाहीत, असे वृत्तांत सांगतात. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

अपस्माराच्या जागी प्लेग का आला असावा? नायक ज्या रोगाशी झुंजतो त्याच रोगाने त्याचा बळी जावा, यात नाट्याची सममिती आहे. अपस्मारात ती नाही. तो आतून येतो, त्याला शत्रूचा चेहरा नसतो. चित्रपटकाराला हे स्वातंत्र्य असते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे. प्लेग आल्यामुळे चित्रपटाच्या मध्यभागी प्रयोगवीर उभा राहिला आणि शिक्षक बाजूला पडला. प्रत्यक्षातील कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून शल्यशास्त्राची व्याख्याने देऊ लागले आणि पुस्तकांचा तुटवडा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी चिनी भाषेतच शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर पाठ्यटिपणे सिद्ध केली. त्यापुढील भाग ते लिहीत होते. तो अपुरा राहिला. परक्या भाषेत, युद्धाच्या धामधुमीत, खेड्यातील वर्गासाठी पाठ्यपुस्तक लिहिणारा मराठी माणूस ही प्रतिमा काही कमी चित्तवेधक नाही. ज्यांनी विद्यापीठाच्या एखाद्या पेपरसाठी रात्री जागून टिपणे काढली आहेत, त्यांना त्या अपुऱ्या हस्तलिखिताचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वर्ग पडद्यावर दाखविणे कठीण असते, हा बचाव येथे होऊ शकतो. पण शांतारामबापूंच्या बाबतीत तो पुरेसा नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये त्यांनी सहा कैद्यांना घडविणारा तुरुंगाधिकारी उभा केला आणि ‘बूँद जो बन गई मोती’ (१९६७) चा नायक तर शाळामास्तरच आहे. शिकविण्यातील नाट्य त्यांना दिसत नव्हते असे म्हणता येत नाही. १९४६ मध्ये, महायुद्ध नुकतेच संपलेले आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलेले असताना, त्यांना राष्ट्राचा वीर हवा होता. शिक्षकाची निकड कदाचित नंतर भासली.

पत्नीच्या चित्रणातही हाच कल दिसतो. कुओ चिंग-लान या बेथ्यून शाळेत परिचर्या शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस झालेला हा विवाह एका अर्थी दोन सहाध्यापकांचा विवाह होता. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे ‘भारत-चीन’. चित्रपटातील चिंग लान मात्र लक्षात राहते ती प्रेयसी आणि विरहिणी म्हणून. मरणोन्मुख नायक तिला आपल्या घरी पोहोचल्यावर काय काय दिसेल ते सांगतो आणि पडद्यावर ती मुलाला घेऊन त्या घरी येते. हा प्रसंग आजही डोळ्यांत पाणी आणतो. त्याची चित्रभाषा असामान्य आहे. पण त्याचा अर्थ असा की चित्रपटाला अखेर परतीचीच ओढ होती. जो परतला नाही, त्याला चित्रपटाने पत्नी व मुलाच्या रूपाने परत आणले. थांबण्याचे समर्थन करण्याऐवजी त्याची भरपाई केली.

परतलेल्यांचे काय?

या वाचनाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती डॉ. बसूंनी. तेही जवळजवळ पाच वर्षे चीनमध्ये होते, म्हणजे मुदतवाढ त्यांनीही घेतली. त्यांची रोजनिशी ‘कॉल ऑफ येनान’ या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे भारतात ॲक्युपंक्चरच्या प्रसाराचे कामही त्यांनी केले. तथापि महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाला त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते. नागपूरचे चोळकर तर आपल्याच प्रांतातले. उतारवयात ते आघाडीवर गेले होते. ते वेळेवर परतले म्हणून कथेतून गळाले. न परतणे हाच निकष धरला की ज्याने काम केले आणि घरी आला, त्याला कथाच उरत नाही.

वृत्तपत्रीय लेखांत सलग बहात्तर तास चाललेल्या शस्त्रक्रियांचा उल्लेख हमखास येतो. पाठ्यटिपणांचा उल्लेख शोधावा लागतो. हा फरक केवळ माहितीच्या अभावाचा नाही. आपल्या व्यवसायातही मुदतवाढीकडे पाहण्याची दृष्टी अशीच आहे. प्रस्तुत लेखकाने नियमित नियुक्तीपूर्वी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले आहे. दर जूनमध्ये पुढील आदेशाची वाट पाहताना ‘तुम्ही थांबलात, बरे झाले’ हे वाक्य एकदाही कानी पडले नाही. थांबणे म्हणजे दुसरीकडे काही न मिळणे, असेच गृहीत धरले जाई. आखाती देशांतील शाळांत शिकविणारे आपले माजी विद्यार्थी एकेका वर्षाची वाढ घेतात, तेव्हा घरी त्याला ‘अडकला’ असे म्हणतात. कोणी त्याला मुद्दाम थांबवून घेतले असेल, वर्गाने त्याला मागितले असेल, ही शक्यता आपल्या बोलण्यात येत नाही.

कोटणीसांना वर्गाने मागितले होते. चीनमध्ये शिच्याच्वांग येथे त्यांच्या नावाने वैद्यकीय शिक्षणाची शाळा १९९२ पासून उभी राहिली. तेथील विद्यार्थी त्यांना ‘के दिहुआ’ या चिनी नावाने ओळखतात. नावातील ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावापुढे हे अक्षर जोडून घेतले होते, लवकर परतलेल्या चोळकर-मुखर्जींनीसुद्धा.