झेल सुटला तर काय होतं? : ‘सेलेस्ट’, सागरगोटे आणि आपली पीएचडी



पेटची तयारी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: अपयशाला घाबरू नका, पुन्हा प्रयत्न करा. हल्ली त्यासाठी अवघड व्हिडिओ गेमचा दाखला देतात. आज तो दाखलाच जरा तपासू.

‘सेलेस्ट’ हा २०१८ चा गेम, मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या चमूनं केलेला. मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी, हवेतला झटका आणि भिंत धरणं, एवढंच तिचं भांडवल. मरण शेकड्यानं येतं, पण क्षणात आपण त्याच खोलीच्या सुरुवातीला परत उभे. शिवाय गेम गुपचूप सवलत देतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य होते. उडीत डोकं कोपऱ्याला थोडंसं, म्हणजे चार पिक्सेलपर्यंत अडलं, तर मॅडेलिन बाजूला सरकवली जाते. आपल्याला वाटतं, ‘जमलं बुवा!’

येस्पर यूल या अभ्यासकानं ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) या पुस्तकात हाच पेच मांडलाय. एरवी आपण अपयश टाळतो, मग हमखास हरवणारे खेळ आपण मुद्दाम का खेळतो?

मला उत्तर पाचव्या भागात दिसतं. तिथं मॅडेलिनचा मित्र थिओ एका स्फटिकात अडकलेला असतो. त्याला उचलायचं, पुढं फेकायचं, पुन्हा गाठायचं. तो हातात असताना भिंत धरता येत नाही, आणि तो खड्ड्यात पडला की आपणही मेलो. म्हणजे आता दोन गोष्टींचा ताल सांभाळायचा.

हे खेळताना मला इस्लापूरचं घर आठवलं. पावसाळ्यात गावात सहस्रकुंडाला जाणाऱ्यांची वर्दळ, आणि आमच्या ओसरीवर आजीचे सागरगोटे. एक गोटा वर फेकायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. मी नेहमी उंच फेकायचो. आजी म्हणायची, “एवढा वर कशाला फेकतोस रे? जेवढा येळ लागतो तेवढाच फेक.”

भौतिकशास्त्र आजीच्याच बाजूनं आहे. ४५ सेंटिमीटर उंच फेकलेला गोटा सुमारे ०.६ सेकंद हवेत राहतो. वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट, म्हणजे १८० सेंटिमीटर लागते. आणि तेवढ्या उंचीवरून तो हातातच येईल याचा भरवसा नाही.

इथं ‘सेलेस्ट’बद्दल माझी तक्रार आहे. फेक आणि झेल हाती देऊनही पाचवा भाग त्यांचा ताल फारसा वाढवत नाही. थिओ बऱ्याचदा ओझंच राहतो. २०१९ च्या ‘फेअरवेल’ या जोडभागात जेलीफिश हवेत सोडून पुन्हा पकडायची असते. तिथं कुठं ही कल्पना फुलते.

आता मूळ मुद्दा. तो सल्ला अर्धाच खरा आहे. ‘सेलेस्ट’मध्ये आपण धीट होतो, कारण तिथं चूक स्वस्त आहे आणि ती कुठं झाली ते लगेच कळतं. माझा पहिला आराखडा सात महिन्यांनी परत आला, शेरा एका ओळीचा. तिथं ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणणाऱ्याचा मला रागच आला. सात महिन्यांत एकच झेल मिळत असेल तर हात बसणार कसा?

गेममध्ये सोनेरी स्ट्रॉबेरीही आहे. अख्खा भाग एकदाही न मरता पार केला तरच ती मिळते. व्हायवा तसाच असतो. पण ती स्ट्रॉबेरी मिळवणारा आधी त्याच खोल्यांत शेकडो वेळा मेलेला असतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी तिच्या मागं लागतो.

म्हणून हल्ली मी खोल्या लहान करतो. दोनशे जणांची प्रश्नावली वाटण्याआधी दहा जणांकडून भरून घेतो. प्रकरण पूर्ण व्हायची वाट न पाहता एक पान मित्राला वाचायला देतो. तो त्याच संध्याकाळी सांगतो, “हे काही कळलं नाही.” वाईट वाटतं, पण सात महिने वाचतात.

विभागातली दिरंगाई याने जात नाही, ती व्यवस्थेनंच सुधारायची गोष्ट. आपल्या हातात आहे ती फेकीची उंची. तुमचा पुढचा गोटा किती वर फेकणार आहात, तेवढं आज ठरवा.