गोधडीवरील अक्षरे
फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीची ‘टार बीच’ (१९८८) ही गोधडी वाचावी लागते. आम्हां मराठी माणसांच्या गोधडीत घरचा इतिहास लुगड्यांच्या तुकड्यांवरून ओळखायचा. ओळखणारी आजी गेली की तो मुका. येथे रंगविलेल्या चित्राच्या वर-खाली कथेच्याच पट्ट्या आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, डांबरी गच्चीवर रात्री पहुडलेली आठ वर्षांची कॅसी पुलावरून उडते व तो आपलासा करते. अक्षरांनी चित्राचा तोल जातो, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. (चौकटीचे फुलाफुलांचे कापड मात्र जरा भडक.) चित्रातील वडील पत्त्यांच्या टेबलाशी निवांत दिसतात. शहराच्या इमारती उभारणाऱ्या ह्याच माणसाला, त्याचा बाप सभासद नव्हता ह्या सबबीवर, कामगार संघात घेत नाहीत. हे केवळ त्या पट्ट्यांतून कळते, आणि मग मुलीचे उडणे नुसते बालस्वप्न राहत नाही.