विश्वासाचा अधिकार आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

एखादी गोष्ट खरी मानण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो? इंग्रज तत्त्वचिंतक विल्यम क्लिफर्ड याने १८७७ मध्ये या प्रश्नाला नैतिक रूप दिले. जीर्ण जहाज सुरक्षित आहे अशी स्वतःची समजूत घालून ते समुद्रात लोटणारा मालक, जहाज सुखरूप परतले तरी दोषीच ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने स्त्रीच्या शोषणाच्या अंगाने झाली आहे. क्लिफर्डच्या प्रश्नाच्या संदर्भातही ते तपासून पाहणे आवश्यक वाटते.

लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा लुटुपुटीचा खटला चालतो. सामंत हा भाबडा गावकरी हातातील कादंबरीतून साक्ष रचतो आणि ती बेणारेच्या वास्तव आयुष्याशी जुळते. येथे विधान खरे आहे; परंतु ते खरे असण्याचे कारण आणि ते मानण्याचे कारण यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पुढे पोंक्षे, कर्णिक, रोकडे यांच्या साक्षींतून खरी माहितीही येते. मात्र तोवर निष्कर्ष ठरलेला असतो. न्यायाधीश काशीकर तर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उतरतात. प्रा. दामले अखेरपर्यंत अनुपस्थितच राहतात.

यावर विल्यम जेम्स याच्या १८९६ मधील युक्तिवादाचा आधार घेऊन आक्षेप घेता येईल. निर्णय टाळता येत नाही आणि बुद्धीने तो लागत नाही, अशा वेळी पुराव्याविना विश्वास ठेवणे समर्थनीय असते, असे जेम्स मानतो. दामल्यांच्या बुद्धिमत्तेवरील बेणारेची श्रद्धा काहीशी याच जातीची आहे. ती फोल ठरते आणि तिची किंमत बेणारे स्वतः मोजते. मंडळींचा विश्वास खरा ठरतो. पण त्याची किंमत मोजावी लागते ती बेणारेलाच. म्हणूनच जेम्सची सवलत तिला मिळू शकते, त्यांना नाही.

भ्रूणहत्येच्या आरोपावर सुरू झालेला हा खटला गर्भ नष्ट करण्याच्या शिक्षेने संपतो आणि ही विसंगती मंडळींपैकी कोणालाही खटकत नाही. पुरावा त्यांना सत्याच्या शोधासाठी हवाच नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. विश्वास खरा ठरला म्हणून तो ठेवणारा निर्दोष ठरत नाही, हे या नाटकाचे महत्त्वाचे प्रतिपादन होय.