पँडासची सरासरी आणि आपला भाव

मंडळी, आज पायथॉन शिकायचं नाहीये. आकडेवारीसाठी सगळे जे साधन वापरतात, त्या 'पँडास'ची समीक्षा करायची आहे. नावाचा अस्वलाशी संबंध नाही. अर्थमितीतल्या 'पॅनेल डेटा' या शब्दावरून ते आलंय. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एक्यूआर कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीत असताना ते लिहायला घेतलं आणि २००९ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

आधी गुण. ते फुकट आहे आणि आतला कोड कुणालाही वाचता येतो. मुंबईच्या दलाली पेढीत जे पँडास चालतं, तेच ईटमधल्या पोराच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. शिवाय हिशेबाची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. 'हा आकडा कुठून आणला?' असं विचारलं, तर दाखवता येतं. ही मोठी गोष्ट आहे.

आता तक्रार. हे साधन चुकतं तेव्हा ओरडत नाही.

सोयाबीनचंच बघा. समजा, सोमवारी ९०० क्विंटल आवक झाली आणि भाव ४,२०० निघाला. मंगळवारी फक्त १०० क्विंटल आली, भाव ५,०००. भावाच्या रकान्याची सरासरी मागितली की पँडास सांगतं ४,६००. पण आवकेनुसार वजन दिलं तर भाव येतो ४,२८०. २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२. म्हणजे एका हिशेबानं शेतकऱ्याला क्विंटलमागे २९२ रुपये कमी मिळाले, दुसऱ्यानं ६१२. निवेदन घेऊन जाताना कुठला आकडा नेणार? पँडासच्या साध्या सरासरीत वजन द्यायची सोयच नाही. ती 'नमपाय' या दुसऱ्या साधनात आहे.

दुसरं, रिकामी जागा. बाजार बंद असेल, माल आलाच नसेल, तर भाव कोरा राहतो. सरासरी काढताना पँडास कोऱ्या जागा गुपचूप वगळतं. महिन्यात वीस दिवस सौदेच झाले नसले, तरी उरलेल्या दहा दिवसांवरून महिन्याचा भाव हजर! बाजार बंद राहिला हीच खरी बातमी असते, आणि नेमकी तीच पुसली जाते.

तिसरं तर आपल्या घरचंच. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. एका तक्त्यात उस्मानाबाद, दुसऱ्यात धाराशिव असेल आणि दोन्ही जिल्ह्याच्या नावावरून जोडले, तर पँडास न जुळणाऱ्या ओळी सोडून देतं. इशारा नाही, काही नाही. राज्याचा तक्ता छान तयार होतो, त्यात आपला जिल्हा नसतो.

कुणी म्हणेल, हा दोष वापरणाऱ्याचा. अर्धा खरा. वगळू नकोस असं सांगता येतं, न जुळलेल्या ओळी दाखव असंही सांगता येतं. पण न सांगता साधन जे करतं, तेच बहुतेक लोक करतात. म्हणून मूळ सवयीची समीक्षा करायला हवी.

आणि ज्याचा आकडाच नाही, त्याचं काय? 'वायफायनान्स' हे आणखी एक खुलं साधन. अमेरिकेतल्या शेअरचे वर्षानुवर्षांचे भाव त्यातून दोन ओळींत मिळतात. भूम तालुक्याची ओळख खव्याची. भट्टीवरच्या खव्याचा भाव त्यात नाही. तो रोज कुणीतरी वहीत लिहिला, तरच उद्या पँडासला काही विचारता येईल.

तेव्हा माझं मत असं: पँडास जरूर वापरा, याहून चांगलं फुकटात मिळणं अवघड. पण उत्तर मान्य करण्याआधी तीन गोष्टी मोजा. किती ओळी आत गेल्या, किती बाहेर आल्या आणि किती जागा कोऱ्या होत्या. गळालेल्या ओळीत आपलंच गाव असू शकतं.