कापडी बिल्ला आणि कापडाची साक्ष

जुन्या वस्तूचा खरेपणा ठरवावयास बसलेला मनुष्य पुष्कळदा वस्तूची परीक्षा करीतच नाही; तिच्याबरोबर आलेल्या कथेची करतो, आणि कथा पटली की वस्तूही पटली असे समजतो. या तर्कदोषाचे एक ठळक उदाहरण भिवंडीनजीक मानकोली येथे माझ्या पाहण्यात आले. तेथील एका रसिक स्नेह्यांच्या बैठकीत ‘पोलंड’ हे अक्षर विणलेला तांबडा कापडी बिल्ला चौकटीत बसविलेला होता. विक्रेत्याने त्यांस सांगितले होते की, इटलीच्या रणभूमीवर एका पोलिश स्वयंसैनिकाने तो आपल्या मराठा मित्रास दिला.

ही कथा अशक्य मुळीच नव्हती. १९४० पासून सोव्हिएट सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोक हद्दपार केले होते. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांपैकी अनेकांची सुटका झाली, आणि बंदिवासातून बाहेर पडलेली माणसे जनरल आंडर्स यांच्या सैन्यात दाखल होण्यासाठी धावली. त्यांच्याबरोबर इराणमार्गे बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जीव १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. पुढे हेच सैन्य इटलीत लढले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्याच चढाईत पोलिश सैन्यही शेजारच्या आघाडीवर होते. तेव्हा मराठा व पोल यांची गाठ पडणे सर्वथा संभाव्य होते.

परंतु संभाव्य असणे म्हणजे घडलेले असणे नव्हे. उलट, कथा जितकी संभाव्य तितकी ती बनविणे सोपे. कारण इतिहासाचे पुस्तक विक्रेत्यालाही वाचता येते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींतील रसाळ हकिकती अस्सल पत्रांच्या कसोटीस लावल्या. बखरकारास जो न्याय, तोच विक्रेत्यास का नसावा?

येथे अस्सल पत्राच्या जागी कापड आहे. बिल्ला पालथा करून पाहावा. मागची बाजू पुढच्या बाजूइतकी सहसा सजविलेली नसते. दोऱ्याचा एक तंतू काढून जाळावा. लोकर जळता केसासारखा वास येतो, सुताचा कागदासारखा. पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कठीण मणी होतो. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा असला तरी त्याचे धागे बाजारात आले ते युद्धानंतर. नायलॉनची गोष्ट निराळी. ते युद्धापूर्वीच निघालेले असल्यामुळे केवळ त्यावरून निर्णय देता येत नाही.

अतिनील किरणांच्या दिव्याखाली कापड निळसर पांढरे चमकले की कित्येक संग्राहक ते तत्काळ खोटे ठरवितात. हाही उतावीळपणाच होय. कपडे उजळ करणारी द्रव्ये युद्धोत्तर काळात धुलाईच्या साबणात सर्रास आली. तेव्हा एखाद्या विधवेने आपल्या पतीचा खरा बिल्ला पुढे कधी त्या साबणाने धुतला असेल, तर तोही चमकेल. तसेच ओबडधोबड टाका हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. युद्धकाळी बिल्ले एकाच कारखान्यात निघाले नाहीत. काही यंत्रावर भरले, काही छापले, तर काही इटलीत स्थानिक कारागिरांनी हातांनी भरले. अशा मालात एकसारखेपणाची अपेक्षा करणे म्हणजे पोथ्यांच्या सर्व नकलांत एकच हस्ताक्षर शोधणे होय.

यावरून एक नियम निघतो. कापड खोट्याचा खोटेपणा सिद्ध करू शकते. खऱ्याचा खरेपणा एकटे सिद्ध करू शकत नाही. सर्व परीक्षांतून पार पडलेल्या बिल्ल्याविषयी आपण इतकेच म्हणावे की, त्याविरुद्ध काही निघाले नाही. त्यापुढे जाण्यास हस्तांतराचा माग, त्या काळचे छायाचित्र किंवा पत्र हवे.

मानकोलीचा बिल्ला मात्र एवढ्या पायरीपर्यंतही पोहोचला नाही. स्नेह्यांच्या परवानगीने चौकट उघडली. भिवंडीच्या यंत्रमागावर आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ सोबत होते. त्यांनी मागील दोरा बोटांत धरताच मान हलविली. हा दोरा पुढे कोणी शिवताना घातलेला नव्हता, अक्षरांच्या भरतकामाचाच होता. तो जाळला, मणी झाला.

स्नेही खिन्न झाले. ‘प्रोफेसरसाहेब, एवढी सुंदर गोष्ट तुम्ही मोडलीत,’ असे ते म्हणाले. माझे म्हणणे असे की, गोष्ट मोडली ती विक्रेत्याची. वळिवड्याची छावणी होती, सेनिओवर मराठे व पोल लढले. या सत्यास त्या चिंधीच्या आधाराची गरज नव्हती. उलट, असे दहा खोटे बिल्ले उघडकीस आले म्हणजे अकराव्या घरी आजोबांच्या पेटीत निघालेल्या खऱ्या बिल्ल्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. ज्यांनी देश गमावून त्याचे नाव बाहीवर शिवले, त्यांच्यावर हा दुसरा अन्याय होय.

पुढच्या भेटीत चौकट तेथेच होती; खाली स्नेह्यांच्या अक्षरात एक चिठी होती : ‘नक्कल. युद्धोत्तर.’