नियोक्ता, सेवाभावी संस्था आणि कामगाराचे मानसिक आरोग्य : ‘थ्रायव्हिंग ॲट वर्क’ अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना

औद्योगिक समाजात कामगाराची शारीरिक सुरक्षितता हा कायद्याचा विषय झाला. त्याचे मानसिक आरोग्य मात्र दीर्घकाळ खाजगी बाब मानली गेली. हे चित्र आता पालटत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नैराश्य व चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा या संघटनेचा अंदाज आहे. या जाणिवेतून नियोक्ते आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील सेवाभावी संस्था यांची भागीदारी पुढे आली. ब्रिटनमध्ये ही पद्धती विशेषत्वाने रुजली आणि २०१७ मधील ‘थ्रायव्हिंग ॲट वर्क’ या अहवालाने तिला अधिकृत प्रतिष्ठा प्राप्त करून दिली. प्रस्तुत लेखात या अहवालाची व त्यामागील भागीदारीच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. भागीदारीमुळे मौन सुटते, ही तिची खरी देणगी होय. परंतु दुःखाचे कारण जेव्हा कामाच्या रचनेतच असते, तेव्हा ही भागीदारी त्या कारणाला हात लावत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अहवालाचे स्वरूप व योगदान

जानेवारी २०१७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी हे काम लॉर्ड डेनिस स्टीव्हन्सन आणि पॉल फार्मर यांच्याकडे सोपविले. स्टीव्हन्सन हे एका मोठ्या बँक-समूहाचे माजी अध्यक्ष, तर फार्मर हे ‘माईंड’ या सेवाभावी संस्थेचे त्या वेळचे मुख्य कार्यकारी अधिकारी. उद्योग व सेवाभाव यांची युती लेखकद्वयाच्या निवडीपासूनच दिसून येते. ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन मानसिक व्याधी असलेल्या सुमारे ३ लाख व्यक्तींना ब्रिटनमध्ये दरवर्षी नोकरी गमवावी लागते, हे त्याने निदर्शनास आणले. मानसिक अनारोग्यामुळे नियोक्त्यांना वर्षाला ३३ ते ४२ अब्ज पौंडांचा भार सोसावा लागतो, हा डेलॉईट या सल्लागार संस्थेचा हिशेबही त्यात मांडला आहे.

अहवालाने सर्व नियोक्त्यांसाठी सहा गाभ्याची मानके सुचविली : मानसिक आरोग्याची लेखी योजना, जाणीवजागृती, मोकळा संवाद, चांगली कार्यपरिस्थिती, वरिष्ठांकडून योग्य व्यवस्थापन आणि नियमित आढावा. लहान दुकानापासून मोठ्या कंपनीपर्यंत कोणालाही समजेल अशी ही मांडणी आहे. रजेच्या अर्जावर ‘पोटदुखी’ लिहिणाऱ्या माणसाला खरे कारण सांगण्याची मुभा असावी, हा आग्रह या मानकांमागे आहे. त्याचे मूल्य कमी लेखता येणार नाही.

तथापि सहांपैकी एकच मानक, म्हणजे चौथे, प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीकडे थेट वळते. वास्तविक ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने २००४ मध्येच कामातील ताणाविषयी व्यवस्थापन-मानके दिली होती. कामाचा भार, कामावरील नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलांची हाताळणी हे त्यांतील सहा घटक होत. ही सर्व कामाची अंगे आहेत. त्यांत कामगाराच्या मनोबलाचा स्वतंत्र उल्लेख नाही. दोन्ही मानकसंच शेजारी ठेवले असता तेरा वर्षांत भर कोठून कोठे सरकला, हे ध्यानात येते. ‘काम कसे आहे?’ हा प्रश्न मागे पडून ‘कामगार मनमोकळेपणाने बोलतो का?’ हा प्रश्न पुढे आला.

या स्थलांतराचे एक कारण अहवालाच्या युक्तिवादात सापडते. नियोक्त्याने गुंतविलेल्या प्रत्येक पौंडामागे दीड ते नऊ पौंडांचा परतावा मिळतो, असे अहवाल सांगतो. नियोक्त्याचे मन वळविण्यासाठी हा युक्तिवाद उपयुक्त असेल. परंतु ज्या सुधारणेतून परतावा मिळणार नाही, तिचे काय करावयाचे, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. एका माणसावर पडणारे दोघांचे काम कमी करावयाचे तर दुसरा माणूस नेमावा लागतो. हा खर्च आहे, आणि तो दरवर्षी करावा लागणारा खर्च आहे.

सेवाभावी संस्थेच्या तीन भूमिका

अशा भागीदारीत सेवाभावी संस्था तीन निरनिराळ्या भूमिका बजावते. पहिली भूमिका निधी स्वीकारणाऱ्याची. लॉईड्स बँकिंग ग्रुपने २०१७ मध्ये ‘मेंटल हेल्थ यूके’ या संस्थेशी भागीदारी केली; कर्मचाऱ्यांनी निधी उभारला आणि त्याच वर्षी पैशाच्या विवंचनेत सापडलेल्या रुग्णांसाठी सल्लासेवा सुरू झाली. या बँकेचे तत्कालीन प्रमुख अँतोनियो ओर्ता-ओसोरियो हे निद्रानाश व अतिश्रमामुळे नोव्हेंबर २०११ मध्ये रजेवर गेले होते आणि जानेवारी २०१२ मध्ये कामावर परतले. प्रमुखाला मिळालेली रजा आणि परतीची वाट हीच खिडकीवरील कारकुनालाही मिळते का, हा भागीदारीच्या कसोटीचा प्रश्न होय.

दुसरी भूमिका सेवा पुरविणाऱ्याची. प्रशिक्षणवर्ग, समुपदेशन, वरिष्ठांसाठी कार्यशाळा हे सर्व शुल्क घेऊन दिले जाते. तिसरी भूमिका प्रमाणपत्र देणाऱ्याची. ‘माईंड’ व ‘रीथिंक मेंटल इलनेस’ यांनी २००७ ते २०२१ या काळात चालविलेल्या ‘टाइम टू चेंज’ या मोहिमेत नियोक्त्यांकडून प्रतिज्ञा घेतली जात असे. ‘माईंड’ने २०१६ पासून नियोक्त्यांसाठी कार्यस्थळ-स्वास्थ्य निर्देशांकही सुरू केला.

या तिन्ही भूमिका एका संस्थेकडे एकवटल्या म्हणजे अडचण उद्भवते. ज्याच्याकडून देणगी घ्यावयाची, ज्याला सेवा विकावयाची, त्याच्याच कारभाराची परीक्षा करावयाची, ही स्थिती प्रामाणिक परीक्षकालाही अवघड आहे. शिवाय निर्देशांकात भाग घेणे ऐच्छिक असल्याने परीक्षेला बसतो तो बहुधा उत्तीर्ण होण्याची खात्री असलेला विद्यार्थी! सेवाभावी संस्था नेहमीच मिंधी होते, असा याचा अर्थ नव्हे. काम करण्याच्या क्षमतेची शासकीय तपासणी अन्याय्य आहे, या कारणास्तव फार्मर यांनी २०१२ मध्ये संबंधित शासकीय समितीचा राजीनामा दिला होता. शासनापुढे दाखविलेले हे स्वातंत्र्य देणगीदार नियोक्त्यापुढे दाखविता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

पुराव्याचा प्रश्न

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘इंडस्ट्रियल रिलेशन्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३३ संस्थांतील ४६,३३६ कामगारांची माहिती तपासली आहे. सजगता-वर्ग, लवचीकपणाचे प्रशिक्षण, स्वास्थ्य-ॲप अशा व्यक्तिकेंद्री उपक्रमांत भाग घेणारे कामगार, भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे आढळले नाही. अपवाद दिसला तो स्वयंसेवी कार्याच्या संधीचा. हा अभ्यास एका वेळच्या पाहणीवर आधारित असल्याने कार्यकारणभावाचा अंतिम निर्णय त्यावरून देता येत नाही. अधिक त्रस्त माणसेच अशा वर्गांकडे वळत असतील, हीही शक्यता राहते. तरीही नियोक्ते ज्या उपक्रमांवर भर देतात, त्यांच्या बाजूचा पुरावा दुबळा आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची तत्त्वेही कामाच्या रचनेतील बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांना व्यक्तिगत उपायांच्या बरोबरीने स्थान देतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या कायदेशीर चौकटीत उभा राहतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते. आरोग्यसेवा हा त्यातील मान्य विषय आहे. परंतु जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारे उपक्रम या दायित्वात मोजले जात नाहीत. म्हणजेच एखादी कंपनी गावातील मानसिक आरोग्य केंद्राला या निधीतून साहाय्य करू शकेल. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे समुपदेशन मात्र तिला आपल्या नेहमीच्या खर्चातून करावे लागेल. वरकरणी अडचणीची वाटणारी ही तरतूद तत्त्वतः योग्य आहे. आपल्या कामगाराचे स्वास्थ्य हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, दानधर्म नव्हे, हा भेद ती नकळत अधोरेखित करते.

गोपनीयतेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला असून उपचार करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकांवर तसे कर्तव्य टाकले आहे. सेवाभावी संस्थेचा प्रशिक्षक वा कार्यकर्ता मात्र नेहमीच आरोग्य-व्यावसायिक असतो असे नाही. ‘साहेबांच्या कानावर जाईल’ ही भीती आपल्याकडील कार्यालयांत खोलवर रुजलेली आहे. ती दूर झाल्याखेरीज समुपदेशकाची खोली रिकामीच राहणार. महाराष्ट्रात ठाण्याच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’सारख्या, १९९० पासून कार्यरत असलेल्या संस्थांनी मानसिक आरोग्याला मराठी भाषा मिळवून दिली आहे. अशा संस्थांचा अनुभव उद्योगांना निश्चितच उपयोगी पडेल. मात्र भागीदारीच्या अटी लेखी व उघड असल्या पाहिजेत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘थ्रायव्हिंग ॲट वर्क’ने मौनाची भिंत पाडण्याचे काम केले, पण भिंतीपलीकडील कामाच्या ओझ्याची मोजदाद अपुरी ठेवली. भागीदारी अर्थपूर्ण व्हावयाची असेल तर तीन अटी आवश्यक वाटतात. सेवा देणारी व मानांकन करणारी संस्था वेगवेगळी असावी. समुपदेशनातून वारंवार पुढे येणारी कामविषयक कारणे, नावे वगळून, व्यवस्थापन व कामगार प्रतिनिधी या दोघांपुढेही मांडण्याचा अधिकार संस्थेला करारानेच मिळावा. आणि कंत्राटी कामगार या योजनांच्या कक्षेत असावेत. कारण असुरक्षिततेचा सर्वाधिक ताण त्यांनाच सोसावा लागतो. या अटी मान्य करणारा नियोक्ता सेवाभावी संस्थेकडून केवळ सदिच्छा घेणार नाही, तर अप्रिय सत्य ऐकण्याची तयारीही दाखवील. ती तयारी नसेल तेथे भागीदारीचा फलक भिंतीवर राहील आणि कामगार पुन्हा रजेच्या अर्जावर ‘पोटदुखी’ लिहील.