रुब्रुकच्या विल्यमचें प्रवासपत्र : एक परीक्षण

इ. स. १२५३ च्या मे महिन्यांत कॉन्स्टँटिनोपल सोडून निघालेला व १२५५ च्या ऑगस्ट महिन्यांत सिरियाच्या किनाऱ्यावरील त्रिपोली येथें परत आलेला फ्रान्सिस्कन पंथाचा भिक्षु विल्यम यानें फ्रान्सचा राजा नववा लुई यास जें विस्तृत लॅटिन पत्र लिहिलें, तें मोंगल साम्राज्याच्या इतिहासाचें अव्वल दर्जाचें साधन म्हणून सर्वमान्य आहे. विल्यम हा फ्लांडर्स प्रांतांतील रुब्रुक गांवचा. क्रिमिया, व्होल्गा नदीचा कांठ, मध्य आशियांतील निर्जन मैदानें, मोंगोलिया, आणि परतीच्या वाटेवर काकेशस, आर्मेनिया व अनातोलिया एवढा मुलूख त्यानें सव्वादोन वर्षांत पालथा घातला.

सामान्य वाचकांस या पत्राचा परिचय होतो तो बहुधा वेंच्यांतून. कराकोरम येथील रुप्याचा वृक्ष, मोंगके खानाच्या आज्ञेनें झालेला धर्मवाद, आणि नाना धर्मांस हाताच्या बोटांची उपमा देणारें खानाचें उत्तर, एवढे तीन प्रसंग घेतले कीं संकलनकारांचें काम संपतें. उपासमार, दुभाष्यामुळें झालेली फजिती, राजपत्राच्या भाषांतराचा घोटाळा, भोंदू साधूच्या संगतींत झालेली कुचंबणा हीं प्रकरणें रटाळ म्हणून गाळलीं जातात. आमचें मत नेमकें उलट आहे. गाळलेलीं प्रकरणें वाचल्याखेरीज घेतलेल्या प्रकरणांची किंमत ठरवितां येत नाहीं. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची हकीकत आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं तो छापला तो स्वतःचा हात फिरवून. दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून आवृत्ति काढली तेव्हां कोठें भटजींचा खरा आवाज ऐकूं आला. विल्यमचा मूळ पाठ छापलेला आहे. तरी वेंचे काढणारांच्या हातून त्याची तीच गत होत आहे.

प्रथम हें पत्र लिहिलें कां गेलें तें पाहूं. विल्यम परत आला तेव्हां लुई राजा पॅलेस्टाइन सोडून फ्रान्सला निघून गेला होता. राजाची समक्ष भेट घेण्याची विल्यमची इच्छा होती. परंतु पंथाच्या प्रांतिक अधिकाऱ्यानें त्यास जाऊं दिलें नाहीं, आक्र बंदरांतील मठांत अध्यापनाचें काम पत्करावें व जें सांगावयाचें तें लिहून पाठवावें, अशी आज्ञा केली. म्हणजे भेटीची परवानगी मिळती तर विल्यमनें सर्व वृत्तांत तोंडीं सांगितला असता, आणि आज आपल्या हातीं एक ओळही नसती. ही निराशा पत्रांत लपलेली नाहीं. तिच्यामुळेंच पत्रांत खाजगी बोलण्याचा मोकळेपणा आला आहे. त्याच्या आधीं कांहीं वर्षें पोपच्या वतीनें गेलेला प्लानो कार्पिनीचा जॉन याचा ग्रंथ याच्याशीं ताडून पाहावा. जॉननें देश, लोक, धर्म, युद्धपद्धति अशीं प्रकरणें पाडून नीटनेटका अहवाल केला; तो उपयुक्त आहे, पण त्यांत जॉन स्वतः फारसा भेटत नाहीं.

दुसरी गोष्ट विल्यमच्या अधिकाराची. लुईनें १२४९ सालीं लाँझ्युमोच्या आंद्रेबरोबर मोंगलांकडे एक तंबूचें उपासनामंदिर नजर म्हणून पाठविलें होतें. मोंगल दरबारानें तें मांडलिकाची खंडणी समजून स्वीकारलें आणि दरसाल असेंच पाठवीत जावें असा उलट निरोप दिला. या अपमानामुळें राजानें विल्यमास दूत म्हणून नेमलें नाहीं. बातूचा पुत्र सार्ताक ख्रिस्ती झाला आहे अशी वदंता होती. त्याच्या मुलखांत राहून धर्मोपदेश करण्याची मुभा द्यावी, एवढ्याच आशयाचें पत्र त्यानें दिलें. विल्यमनेंही झावळ्यांच्या रविवारीं कॉन्स्टँटिनोपलच्या सेंट सोफिया मंदिरांत आपण कोणाचे दूत नाहीं असें जाहीर सांगितलें. परंतु मोंगलांच्या व्यवहारांत राजाचें पत्र घेऊन येणारा मनुष्य दूतच असावयाचा. दूत म्हणावें तर नजराणा नाहीं, साधु म्हणावें तर राजाचें पत्र आहे, अशी ही त्रिशंकूची अवस्था शेवटपर्यंत सुटली नाहीं. शिवाय सार्ताकच्या छावणींत त्या पत्राचें भाषांतर ज्या आर्मेनियन लोकांनीं केलें, त्यांनीं मुसलमानांविरुद्ध साहाय्याची याचना त्यांत घुसडली असावी, असा विल्यमचा स्वतःचा संशय आहे. तो जेथें जाईल तेथें हें न लिहिलेलें वाक्य त्याच्या पुढें पोंचलेलें असे. आमच्या मतें साऱ्या प्रवासांतील अडचणींची किल्ली येथेंच आहे.

वाटेंतील हालांविषयीं थोडक्यांत सांगतों. व्यापाऱ्यांचें ऐकून त्यानें घोड्यांऐवजीं बैलगाड्या घेतल्या आणि एका महिन्याची वाट दोन महिन्यांत काटली. बातूच्या तळावरून सप्टेंबरांत निघाल्यापासून २७ डिसेंबर १२५३ रोजीं मोंगकेच्या छावणींत पोंचेपर्यंत दिवसभर रपेट व संध्याकाळीं एकदांच पोटभर अन्न. तेंही इंधन नसल्यामुळें अर्धेंकच्चें मांस. विल्यम अंगानें फार जड होता, म्हणून त्यास नेहमीं बळकट घोडा मिळे, हेंही त्यानें न लाजतां लिहिलें आहे. पंथाच्या नियमाप्रमाणें अनवाणी हिंडतांना पायांचीं बोटें गोठलीं तेव्हां तो नियम सोडावा लागला.

दुभाष्याच्या प्रकरणावर मात्र थांबलें पाहिजे. त्याच्या दुभाष्याचें नांव लॅटिनमध्यें ‘होमो देइ’, म्हणजे देवाचा माणूस, असें दिलें आहे. मूळ नांव अब्दुल्ला असावें असा तर्क आहे व तो पटण्यासारखा आहे. विल्यमास तातार भाषा थोडी समजूं लागली तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं आपण एक बोलतों आणि हा गृहस्थ तोंडास येईल तें निराळेंच सांगतो. तेव्हांपासून त्यानें धर्मविषयावर बोलण्यापेक्षां मौन पत्करलें. कायालिग येथील मंदिरांत बौद्धांशीं ईश्वराच्या स्वरूपाविषयीं बोलणें रंगांत आलें असतां दुभाष्या थकला आणि त्यानें विल्यमास गप्प बसविलें. मोंगकेच्या पहिल्या भेटींत तर हा देवमाणूस मद्य वाढणाराशेजारीं उभा राहिला आणि थोड्याच वेळांत झिंगला. खुद्द खानही विल्यमास शुद्धीवर दिसेना. एका महान् दरबारांतील पहिल्या भाषणाचा हा असा शेवट जो लेखक स्वतः नमूद करतो, त्याच्या इतर शब्दांवर विश्वास ठेवण्यास आम्ही तयार आहों.

पण विश्वास सरसकट ठेवूं नये. विल्यमनें डोळ्यांनीं पाहिलेलें, कानांनीं ऐकलेलें आणि दुभाष्यामार्फत समजलेलें अशा तीन प्रती लावाव्या. कॅस्पियन समुद्र हा महासागराचा फांटा नसून चोहोंकडून जमिनीनें वेढलेला आहे, हें त्यानें जातांना उत्तरेकडून व येतांना पश्चिमेकडून प्रवास केल्यावर सांगितलें आणि इसिदोरच्या प्रमाणभूत मानलेल्या वचनास बाधा आणली. हा प्रत्यक्षाचा भाग. चिनी लोक कुंचल्यानें लिहितात व अनेक अक्षरें एका आकृतींत गुंफून शब्द करतात, तिबेटी आपल्यासारखे डावीकडून उजवीकडे लिहितात, हें निरीक्षणही त्याच जातीचें.

आतां तिसऱ्या जातीचा नमुना पाहा. बौद्ध लोक माळ घेऊन सतत जपत असलेले शब्द त्यानें लिहून ठेवले आहेत. ते आधुनिक संपादकांनीं ‘ऑन मणि बक्कम’ असे वाचले आहेत. हा ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा षडक्षरी मंत्र होय, यांत संस्कृतज्ञास शंका वाटण्याचें कारण नाहीं. नकलाकारांच्या हातून शेवट बिघडला असला तरी ‘मणि’ धड उरला आहे, म्हणजे कान चांगला होता. परंतु अर्थ दिला आहे तो ‘देवा, तूं जाणतोस’ असा! मंत्रांत देवही नाहीं व जाणणेंही नाहीं. कोणा सांगणाऱ्यानें पाहुण्यास रुचेल असा अर्थ पुरविला. ध्वनि खरा आणि अर्थ खोटा. पत्रांतील सर्व सिद्धांतचर्चा याच मापानें मोजावी असें आमचें सांगणें आहे.

हें माप ३० मे १२५४ च्या प्रसिद्ध धर्मवादास लावून पाहूं. मध्यस्थ तीन होते: एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एक बौद्ध. नेस्टोरियन ख्रिस्त्यांस आधीं मुसलमानांशीं वाद हवा होता; मुसलमान एकेश्वरवादी असल्यामुळें ते या मुद्द्यावर आपल्याच बाजूचे, म्हणून पहिली गांठ बौद्धांशीं घालावी, ही विल्यमची योजना वादकौशल्याची साक्ष आहे. चीनकडून आलेल्या प्रतिवाद्यानें सृष्टीची उत्पत्ति कीं आत्म्याची मरणोत्तर गति, यांपैकीं विषय निवडावयास सांगितला. विल्यमनें ईश्वरापासूनच आरंभाचा हट्ट धरला. मग ईश्वर तुम्ही म्हणतां तसा असेल तर त्यानें अर्धी सृष्टि वाईट कां केली, हा प्रश्न आला. आमच्या शास्त्रांत हा वैषम्यनैर्घृण्याचा आक्षेप ब्रह्मसूत्रांपासून परिचित आहे. शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहां’तील ईश्वरपरीक्षा व उलट बाजूनें उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजलि’ हीं नांवें घेतलीं म्हणजे पुरे. विल्यमनें जें जें आहे तें तें चांगलेंच आहे, असें उत्तर दिलें. पुढें कोणी देव सर्वशक्तिमान् आहे काय असें विचारल्यावर प्रतिवादी बराच वेळ गप्प बसला, शेवटीं नाहीं म्हणाला, आणि मुसलमान मोठ्यानें हंसले. विल्यम यास जय मानतो. ज्याच्या दर्शनांत ईश्वर हा प्रमेयच नाहीं, त्याचें मौन व नकार हे निरुत्तर झाल्याचें लक्षण कसें? कराकोरममध्यें पॅरिसचा सोनार गियोम बूशे याच्या मानलेल्या मुलाच्या रूपानें विल्यमास अधिक चांगला दुभाष्या लाभला होता हें खरें. तरी हा विजय आम्ही एकतर्फी समजतों.

मात्र एक फरक विसरतां कामा नये. आपल्याकडील दिग्विजयग्रंथांत वाद संपला कीं प्रतिपक्षी शिष्य होतो. विल्यम लिहितो कीं सर्वांनीं ऐकून घेतलें, पण मला ख्रिस्ती व्हावयाचें आहे असें एकही म्हणाला नाहीं, आणि मग सगळे मिळून भरपूर प्याले. एवढ्या प्रवासाची फलश्रुति त्यानें सहा बाप्तिस्मे अशी दिली आहे. त्याच बूशेनें बनविलेल्या रौप्यवृक्षाविषयींही, शिखरावरील देवदूताचें शिंग भात्यानें वाजेना म्हणून खालीं माणूस दडवून फुंकावें लागे, ही आंतली गोष्ट तो सांगतो. वेंच्यांत वृक्ष असतो, हा माणूस नसतो.

दोषही सांगितले पाहिजेत. नेस्टोरियन ख्रिस्त्यांविषयीं त्याची लेखणी विषारी आहे. ते अडाणी, मद्यपी, व्याजखाऊ, असें तो वारंवार म्हणतो. परक्या मुलखांत शेंकडों वर्षें टिकून राहिलेल्या समाजास समजून घेण्याची इच्छा त्यांत दिसत नाहीं, आणि हीं विशेषणें इतिहासकारांनीं जशींच्या तशीं उचलूं नयेत. सर्जिअस नांवाच्या आर्मेनियन साधूची गोष्ट निराळी. तो पूर्वीं विणकर होता व दीक्षित पुरोहित नव्हता हें विल्यमास कळून चुकलें होतें. तरी दरबारीं त्याचें वजन असल्यामुळें चारचौघांत त्यास मान द्यावा लागे. त्याच्या रेवाचिनीच्या काढ्यानें बूशे मरतां मरतां वांचला तेव्हां विल्यमचा संयम सुटला. येथें त्याचा राग सकारण आहे व पुराव्यानिशीं आहे.

आमच्या संग्राहक वाचकांसाठीं हस्तलिखितांविषयीं चार शब्द. फ्रान्सच्या राजासाठीं लिहिलेल्या या पत्राच्या जुन्या प्रती टिकल्या त्या इंग्लंडांत. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजांत तीन, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत एक, व एक उत्तरकालीन प्रत अमेरिकेंत येल येथें आहे. रॉजर बेकन विल्यमास भेटला होता व त्यानें आपल्या ‘ओपुस माजुस’ ग्रंथांत त्याचा उपयोग केला. इंग्लंडांतील प्रतींचें मूळ त्याच्या आस्थेंत असावें हा तर्क सयुक्तिक आहे. हॅक्लुटनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस अपुरा पाठ छापला, पर्चसनें १६२५ सालीं तो पुरा केला. १८३९ चा पॅरिसचा पाठ, १९०० सालचें रॉकहिलचें भाषांतर, १९२९ चें व्हान देन विंगार्टचें संपादन आणि १९९० मधील पीटर जॅक्सनचें सटीप भाषांतर हे पुढचे टप्पे. नव्या अभ्यासकानें जॅक्सनपासून आरंभ करावा. आणखी एका ग्रंथाची हकीकत येथेंच येते. फ्रान्सच्या राणीनें विल्यमास एक सुंदर चित्रांचें स्तोत्रपुस्तक दिलें होतें. सार्ताकच्या तळावर तें पाहिलें गेलें, आवडलें, आणि परतीच्या वेळीं इतर पोथ्या मिळाल्या तरी तें मिळालें नाहीं.

हिंदुस्थानाचा उल्लेख पत्रांत ओझरता आहे, पण टिपण्याजोगा आहे. मोंगकेच्या दरबारीं हिंदुस्थानांतील कोणा सुलतानाचा वकील आठ चित्ते व दहा शिकारी कुत्रे घेऊन आला होता. हे कुत्रे चित्त्यांप्रमाणें घोड्याच्या पाठीवर बसावयास शिकविलेले होते. हिंदुस्थान कोणीकडे असें विल्यमनें विचारलें असतां त्यास पश्चिम दिशा दाखविण्यांत आली. बहुधा वकिलाच्या वाटेचें तोंड तिकडे होतें. देवगिरीस तेव्हां कृष्णदेव यादव राज्य करीत होता. परत फिरतांना विल्यम व हा वकील सुमारें तीन आठवडे एकत्र चालले. त्या सहवासांत काय बोलणें झालें, हें विल्यमनें लिहिलेलें नाहीं.